ओढ्याकाठचा दगड : निसर्गाचा की माणसाचा?

भिवंडीहून वाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नदीनाक्यालगत शेलार गाव आहे. यंत्रमाग, सायझिंग आणि रंगप्रक्रियेचे कारखाने यांच्या गजबजाटातून वाहणारी कामवारी नदी पावसाळ्यात फुगते, पात्र सोडून वस्तीत शिरते आणि पुढे खाडीला मिळते. दिवाळीनंतर पाणी ओसरले, की तिच्या आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांच्या काठावर दगडगोट्यांचे पट्टे उघडे पडतात. त्यांत काळा पाषाण असतो, पांढरी गार असते, हिरवट आणि तांबूस खडे असतात. त्यांच्याच शेजारी विटांचे तुकडे, फरशीचे कोपरे, खापऱ्या आणि भट्टीत जळून काळे पडलेले गोळेही असतात. या पसाऱ्यातून एखादा वेगळाच दगड हाती लागला, की तो पाहणाऱ्याच्या मनात तीन तर्क हमखास येतात. ही उल्का असावी, एखाद्या प्राचीन प्राण्याचे अंडे असावे किंवा जुन्या काळच्या माणसाने घडवलेली वस्तू असावी. बहुतेक वेळा हे तिन्ही तर्क चुकतात. मात्र तिसरा तर्क अधूनमधून खरा ठरतो, आणि तेवढ्यासाठी दगड पारखण्याची रीत माहीत असणे इष्ट आहे.

या भागात पारख करण्यास एक मोठी सोय आहे. भिवंडी, कल्याण, शहापूर, वाडा हा सारा प्रदेश काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. बेसॉल्ट, त्याला छेदून वर आलेल्या त्याच जातीच्या खडकाच्या भिंती आणि त्याच्या पोकळ्यांत तयार झालेली खनिजे, एवढेच येथील निसर्गाचे भांडवल. ग्रॅनाइट, संगमरवर, वालुकाश्म किंवा पाटीचा दगड येथील जमिनीत घडलेला नाही. असा दगड ओढ्यात दिसला, तर तो कोणीतरी आणलेला असला पाहिजे. तो कधी आणि कशासाठी आणला, हाच काय तो शोधायचा प्रश्न. स्वयंपाकघराच्या ओट्याचा ग्रॅनाइट, कडप्पा, शहाबादी आणि कोटा फरशी यांचे तुकडे नदीत सर्रास सापडतात. पाडलेल्या घरांचा राडारोडा पात्रात लोटण्याच्या सवयीमुळे ते तेथे आलेले असतात. उलट खाडीच्या तोंडाशी, जुन्या बंदराच्या जागी सापडलेला परका गोटा अधिक बोलका असू शकतो. शिडाच्या जहाजांत माल कमी असला, की तोल राखण्यासाठी तळाशी दगड भरीत आणि बंदरात माल चढवताना ते टाकून देत.

काळ्या पाषाणाची करामत

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या लांबच लांब भेगांतून लाव्हारसाचे पूर एकामागून एक वाहिले आणि त्यांचे थर साचून दख्खनचे पठार व सह्याद्रीचा खडक तयार झाला. प्रत्येक प्रवाहाच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने त्या पोकळ्यांत निरनिराळी खनिजे साठवली. खडक झिजून माती होतो, पण पोकळीतले कठीण खनिज शिल्लक राहते आणि पुराबरोबर ओढ्यात येते. ओढ्याकाठी सापडणारे बहुतेक देखणे खडे असे आलेले असतात.

त्यांची ओळख घरच्या साधनांनीही बरीचशी पटते. पांढरा किंवा दुधी खडा काचेच्या तुकड्यावर ओढावा. काचेवर स्पष्ट ओरखडा उठला, तर तो गारेच्या कुळातला. गारगोटी, अकीक, जास्पर हे सारे त्याच कुळाचे आणि कठीणपणात सारखे. अकीकात रंगांची वलये दिसतात, जास्पर लाल, पिवळा किंवा हिरवा पण अपारदर्शक असतो. काचेवर ओरखडा उठत नाही आणि चाकूच्या टोकाने खडाच सहज खरवडला जातो, असे असेल तर त्याच्या भुकटीवर व्हिनेगरचा थेंब टाकावा. बुडबुडे आले तर तो कॅल्साइट समजावा. बुडबुडे येत नाहीत, पण खडा पंख्यासारख्या जुडग्यांचा, मोत्यासारख्या झळाळीचा किंवा सुयांच्या पुंजक्यासारखा आहे, तर तो झिओलाइट गटातला असण्याचा संभव मोठा. या गटातील खनिजांसाठी महाराष्ट्र जगभर प्रसिद्ध आहे. वाघोलीच्या दगडखाणीतील निळ्या कॅव्हन्साइटचे आणि कांदिवलीच्या खाणीतील हिरव्या प्रेहनाइटचे नमुने परदेशांतील संग्रहालयांत मानाने मांडलेले असतात. सिन्नरचे 'गारगोटी' संग्रहालय तर अशाच खनिजांसाठी उभे राहिले आहे. ठाणे जिल्ह्यातील खडीच्या खाणींतही अशा खनिजांच्या पोकळ्या फुटतात आणि त्यांतील पुष्कळसे खडे क्रशरमध्ये जाऊन रस्त्याखाली गाडले जातात.

फसवणूक करणारे नमुनेही याच खडकात आहेत. पोकळीच्या कडेला बसलेला गडद हिरवा, मातकट लेप पाहून तांब्याची खाण लागल्याचा समज होतो. तो सेलॅडोनाइट नावाचा लोहयुक्त पदार्थ असतो, तांब्याशी त्याचा संबंध नाही. दोन लाव्हाथरांच्या मध्ये वीटकरी रंगाचा मातीचा पट्टा दिसतो. जुनी वस्ती जळून ही माती भाजली असावी, असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. वास्तविक तो दोन उद्रेकांमधल्या काळात झिजलेल्या खडकाचा थर असतो. त्यात राख, कोळसा, खापरी काहीही नसते आणि तो टेकडीच्या कडेने दूरवर सारख्याच पातळीत जातो. दगड फोडल्यावर आतल्या सपाट भागावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसते, तिला अश्मीभूत वनस्पती म्हणण्याचा मोह होतो. ती मँगेनीजच्या क्षारांनी चिरेत काढलेली रांगोळी होय.

सर्वाधिक गोंधळ गोल गोळ्यांमुळे होतो. बेसॉल्टला आडव्या-उभ्या चिरा पडतात, चिरांतून पाणी शिरते, ठोकळ्याचे कोपरे आधी झिजतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटत सुटत आत एक टणक गोळा उरतो. असा गोळा हाती आला, की कोणी त्याला तोफेचा गोळा म्हणतो, कोणी डायनासोरचे अंडे. तोफेचा दगडी गोळा घडवलेला असल्याने त्यावर छिन्नीचे बारीक टिचके असतात आणि त्याचा व्यास सर्व बाजूंनी जवळजवळ सारखा भरतो. कांदेफोडीच्या गोळ्याला पापुद्रे सुटलेले दिसतात आणि मोजले तर तो लांबट निघतो. अंड्याचे कवच पातळ व कॅल्साइटचे असते आणि भिंगाखाली त्यावर पुटकुळ्या व सूक्ष्म छिद्रे दिसतात. काळ्या पाषाणाच्या भरीव गोळ्यात यांपैकी काहीच नसते. तरीही येथील खडकात जीवाश्म मुळीच नाहीत, असे मात्र नाही. दोन लाव्हाथरांच्या मध्ये साचलेल्या तळ्यांच्या गाळात ते असतात. मुंबईत वरळीच्या अशाच थरातून मिळालेल्या चिमुकल्या बेडकाचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये केले होते. अशा थराचा दगड मऊ, पापुद्रेदार, राखी किंवा काळसर असतो आणि काळ्या पाषाणापासून सहज वेगळा ओळखू येतो.

नदीच्या तळातील खडकात कोरल्यासारखे गोल खड्डे दिसतात. पाण्याच्या भोवऱ्यात अडकलेले गोटे फिरून फिरून ते तयार करतात. कुकडी नदीवरचे निघोजचे रांजणखळगे हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. माणसाचे उखळ एकटे, मापाचे आणि बसून कांडता येईल अशा जागी असते. रांजणखळगे घोळक्याने असतात, लहानमोठे असतात आणि पुष्कळदा एकमेकांत फुटलेले असतात. तसेच पाच-सहा बाजूंचे दगडी खांब पाहून पडलेल्या देवळाची कल्पना करण्याचे कारण नाही. थंड होताना आकसलेला लाव्हा असा खांबांत फुटतो. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी अशाच खांबांची आहे.

आकाशातून आलेला दगड

उल्कापाषाण ओळखण्याची लोकप्रिय कसोटी म्हणजे लोहचुंबक. महाराष्ट्रात ही कसोटी जवळजवळ निरुपयोगी आहे. येथील बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात, त्यामुळे दोऱ्याला टांगलेले जोरदार चुंबक साध्या काळ्या दगडाकडेही किंचित ओढले जाते. चुंबक अजिबात हलत नसेल, तर तो दगड बहुधा उल्का नाही, एवढेच फार तर म्हणता येईल.

खऱ्या उल्केवर, ती फार जुनी झाली नसेल तर, वातावरणातून येताना वितळलेल्या पृष्ठभागाची पातळ काळी साल असते. तिच्यावर ओल्या मातीत अंगठा दाबल्यासारखे उथळ खळगे असू शकतात. आत बुडबुड्यांच्या पोकळ्या नसतात, हे सर्वांत महत्त्वाचे लक्षण. सच्छिद्र दगड घेऊन येणाऱ्या माणसाला याच कारणाने नकार ऐकावा लागतो. एक कोपरा कानशीने घासला, तर राखी दगडात चकाकणारे धातूचे कण दिसतात. हातात घेतल्यावर दगड अपेक्षेपेक्षा जड लागतो. बेसॉल्ट पाण्याच्या सुमारे तीनपट जड असतो, सामान्य अश्म-उल्का साडेतीनपटीच्या आसपास, तर लोखंडी उल्का पावणेआठपटीपर्यंत जाते. नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे २२ मे २०१२ रोजी उल्कांचा वर्षाव झाला, तेव्हा लोकांनी आवाज ऐकला होता आणि तुकडे ताजे हाती आले होते. ओढ्यात वर्षानुवर्षे पाण्याखाली पडलेली उल्का गंजून विरून जाते. वाहत्या पात्रात ती सापडण्याची शक्यता म्हणूनच फार थोडी. संशय पक्का वाटला, तर तुकडा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाकडे द्यावा.

कारखान्यात जन्मलेले 'दगड'

भिवंडीच्या ओढ्यांत उल्का म्हणून उचलल्या जाणाऱ्या वस्तूंचा उगम बहुधा आकाशात नसून धुराड्याखाली असतो. सायझिंग आणि रंगप्रक्रियेला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो आणि बॉयलरमध्ये कोळसा जळाला, की राखेचे वितळून घट्ट झालेले गठ्ठे उरतात. हे क्लिंकर काळे, तपकिरी किंवा जांभळट, काचेसारखी झाक असलेले आणि छिद्राछिद्रांचे असतात. त्यात अर्धवट जळलेला कोळशाचा किंवा दगडाचा तुकडा चिकटलेला सापडला, तर निदान पक्के झाले. हलका, पाण्यावर तरंगणारा क्लिंकर 'तरंगती शिळा' म्हणून पूजेलाही लागतो. धातूच्या भट्टीतील मळी यापेक्षा जड असते आणि तिच्यावर वितळलेला रस वाहिल्याच्या दोरीसारख्या वळ्या दिसतात. निळी, हिरवी काच गोटीसारखी झिजून आली, तर ती बाटलीची किंवा काचभट्टीची. घरगुती समजुतीत तिचा पाचू होतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. लोखंडाची मळी म्हणजे नेहमी आजच्या कारखान्याचा कचरा, असे नाही. दगडी कोळसा येण्यापूर्वी गावोगावच्या लहान भट्ट्यांत लोणारी कोळशावर लोखंड गाळले जाई आणि त्याची मळी उकिरड्यासारखी साचून राही. आयुर्वेदात जुन्या मळीला मंडूर म्हणतात आणि ती जितकी जुनी तितकी औषधाला चांगली मानतात. म्हणजे आपल्याकडच्या वैद्यांनी हे ढीग पुराणवस्तुसंशोधकांच्या फार आधीपासून हुडकले होते. एखाद्या बांधाच्या पोटातून मळीचे तुकडे, भाजलेली माती आणि फुंकणीच्या मातीच्या नळीचे तुकडे एकत्र बाहेर पडत असतील, तर ती जागा महत्त्वाची आहे. नदीच्या वाळूत सापडलेला सुटा तुकडा फारसे काही सांगत नाही.

खाणीतून आलेल्या दगडांनीही फसगत होते. दगडाच्या एका बाजूला सरळ, अर्धगोल, गुळगुळीत पन्हळ असेल, तर तो प्राचीन नळाचा भाग नसून सुरुंगासाठी यंत्राने पाडलेल्या भोकाचा अर्धा भाग असतो. जेसीबीच्या दातांचे समांतर ओरखडे ताजे, फिकट रंगाचे असतात. जुन्या फुटीवर खडकाच्या बाकीच्या पृष्ठभागासारखाच काळपट किंवा तांबूस थर चढलेला असतो.

हाताची खूण

आता मूळ प्रश्न. दगड माणसाने फोडला की निसर्गाने, हे कसे ओळखावे?

गार, अकीक किंवा बारीक कणांचा बेसॉल्ट यांवर नेमक्या जागी आघात केला, की शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा गोलाई असलेला कपचा निघतो. आघाताच्या जागेखाली कपच्यावर लहानसा फुगवटा उठतो आणि तेथून पाण्यातल्या तरंगांसारखी वलये पसरतात. वर आघात झेललेली चिमुकली सपाट जागा शिल्लक असते. हे सर्व पुरात आपटलेल्या गोट्यावरही कधीतरी होते. म्हणून एका कपच्यावर विसंबून चालत नाही. निसर्ग कोठेही, कसाही आपटतो. माणूस एका हेतूने, एकामागून एक, एकाच दिशेने कपचे काढतो आणि त्यातून धार किंवा टोक तयार होते. धारेलगत सारख्या अंतरावर बारीक टवके काढून ती सुधारलेली दिसली, तर संशय बळावतो. हातात धरल्यावर दगड हाताला नेमका बसतो, ही मात्र कसोटी नव्हे. कोणताही दगड जरा फिरवला, की कसा तरी हातात बसतोच.

अश्मयुगाच्या सुरुवातीच्या काळातील हातकुऱ्हाडी दोन्ही बाजूंनी घडवलेल्या, बदामाच्या आकाराच्या आणि तळहाताएवढ्या किंवा त्याहून मोठ्या असतात. गोदावरीवर नाशिकजवळ गंगापूर येथे आणि प्रवरेवर नेवासे येथे ह. धी. सांकलिया यांनी अशा हत्यारांचा अभ्यास केला. नेवाशाजवळच चिरकी येथे गुद्रून कॉर्व्हिनस यांनी १९६० च्या दशकात विस्तृत उत्खनन केले. या हत्यारांपैकी बरीच याच काळ्या पाषाणाची आहेत. ओढ्यातल्या शेकडो काळ्या दगडांत एखादी झिजलेली हातकुऱ्हाड नजरेतून सुटावी, यात आश्चर्य नाही.

कोकणपट्टीत याहून अधिक अपेक्षा ठेवावी ती सूक्ष्मास्त्रांची. ही अकीक, जास्पर यांची, पुष्कळदा बोटाच्या पेराएवढी पाती असतात. लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने बसवून त्यांचे बाण, विळे करीत. ज्या गाभ्यावरून अशी पाती काढली, तो गाभा पन्हळी पाडलेल्या लहान खांबासारखा दिसतो आणि हा गाभा पात्यांहून अधिक खात्रीचा पुरावा मानला जातो, कारण निसर्ग असे सारखे पन्हळ पाडत नाही. अकीकाचा एखादा कपचा नदीच्या गोट्यांत सापडला, तर तो सोडून द्यावा. पण काठावरच्या उंचवट्यावर, जेथे पुराचे पाणी पोचत नाही, तेथे हातभर जागेत असे दहा-वीस कपचे, गाभे आणि पाती पसरलेली असतील, तर कोणीतरी तेथे बसून काम केले होते.

मुंबईच्या परिसरात हे काम कसे झाले, हे कांदिवलीच्या उदाहरणावरून कळते. नौदल अधिकारी के. आर. यू. टॉड यांनी तेथील ओढ्यांच्या काठावर उघड्या पडलेल्या माती-गोट्यांच्या थरांतून दगडी हत्यारे गोळा केली आणि मुंबईच्या अश्मयुगावरचा आपला लेख १९३९ मध्ये प्रसिद्ध केला. कोणते हत्यार कोणत्या थरातून आले, याची नोंद त्यांनी ठेवली होती. त्यामुळेच पुढच्या संशोधकांना त्यांचे निष्कर्ष तपासता आले, त्यांवर शंका घेता आल्या. आज तेथे इमारती आहेत. जी माहिती तेव्हा नोंदली गेली तेवढीच शिल्लक आहे. गोदामे आणि रस्त्यांसाठी टेकड्या कापल्या जात असलेल्या भिवंडी तालुक्यात कांदिवलीची पुनरावृत्ती होण्यास फार काळ लागणार नाही.

घडीव दगड आणि देव

शेलारच्या आसपास अश्मयुगापेक्षा मध्ययुगातील घडीव दगड हाती लागण्याचा संभव अधिक. भिवंडी तालुक्यातीलच लोनाड येथे बौद्ध लेणे आहे, प्राचीन शिवमंदिर आहे आणि तेथील चौधरपाड्याचा शिलाहार राजा केशिदेवाच्या काळातील शके ११६१, म्हणजे इसवी सन १२४० चा शिलालेख अभ्यासकांत सुपरिचित आहे. हा गद्धेगाळ होय. वर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा लेख आणि खाली दान मोडणाऱ्याला दिलेली, शब्दांत आणि चित्रात सांगितलेली गाढवाची शिवी, अशी या दगडांची ठेवण असते. अलिबागजवळचा आक्षी येथील प्रसिद्ध मराठी लेखही गद्धेगाळावरच कोरलेला आहे. खालचे चित्र अश्लील वाटल्याने असे दगड पालथे घातले जातात, पुरले जातात किंवा शेंदूर फासून त्यांचा देव होतो. शेंदराने एका परीने त्यांचे रक्षण केले आहे हे खरे, पण त्याखाली अक्षरे बुजून गेली आहेत. वीरगळ आणि सतीशिळा याही अशाच ओळखता येतात. वीरगळावर खालून वर चढत जाणारे चौकटींचे टप्पे असतात, त्यांत लढाई, वीराचा मृत्यू आणि शिवपूजा दाखवतात. सतीशिळेवर कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला हात असतो.

नदीत सापडलेल्या मूर्तीविषयी मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. भंगलेली मूर्ती पूजेतून काढून पाण्यात विसर्जित करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. त्यामुळे नदीत मूर्ती मिळाली म्हणून तेथे देऊळ होते, असे होत नाही. जुना पाटा, फुटलेले जाते, वरवंटा यांचेही तसेच. जात्याच्या तळीला मध्ये खुंट्याचे भोक आणि टाकी लावल्याच्या खुणा असतात. तुटलेल्या अर्ध्या तळीला प्राचीन चक्राचा मान मिळाल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. टाकीच्या खुणा नव्या की जुन्या, हे त्यांच्या कडा किती बोथट झाल्या आहेत, यावरून अजमावता येते.

खापऱ्यांकडे लोक दुर्लक्ष करतात, पण तज्ज्ञ त्याच आधी मागतात. लाल किंवा काळ्या खापरीच्या फिरकीवरच्या रेषा, काठाची घडण आणि जाडी यांवरून काळाचा अंदाज बांधता येतो. खाडीकाठी जाड, पिवळसर अंगाच्या खापरीवर निळसर-हिरवा काचेसारखा मुलामा दिसला, तर तिची दखल घ्यावी. इराणी आखातातून येणारी अशी भांडी पश्चिम किनाऱ्यावरच्या संजाण, चौल यांसारख्या जुन्या बंदरांत सापडली आहेत. पातळ, पांढऱ्याशुभ्र चिनीमातीचा तुकडा मात्र बहुधा कालपरवाच्या कपबशीचा असतो. अकीकाचा मणी मिळाला, तर त्याचे भोक उजेडात पाहावे. जुने भोक दोन्ही टोकांकडून पाडलेले असते आणि मध्ये जुळताना बहुधा किंचित चुकलेले दिसते.

जागेवरून हललेला दगड

पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठच्या बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि त्याच्या सोबत दगडी हत्यारे सापडली. ही राख किती जुनी, यावरून तज्ज्ञांत मोठा वाद झाला. कोणी ती सुमारे १४ लाख वर्षांपूर्वीची ठरवली, कोणी पावणेसात लाख, तर कोणी ती सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीच्या ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटातील असल्याचे मांडले. हा वाद शक्य झाला तो हत्यारे आणि राख यांचे एकमेकांशी नाते जागेवर पाहता आले म्हणून. तीच हत्यारे कोणी आधी उचलून घरच्या कपाटात ठेवली असती, तर ती कपाटातले चार दगड ठरली असती.

यासाठी सापडलेली वस्तू शक्यतो जागेवरच ठेवावी. तिचे छायाचित्र घेताना शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवावे, एक छायाचित्र जवळून आणि एक आजूबाजूचा काठ, झाड, पूल दिसेल असे दुरून घ्यावे. मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश मिळतात, ते लिहून ठेवावेत. वस्तू थरात रुतलेली होती की वाळूत सुटी पडली होती, काठाच्या वरच्या काठापासून किती खाली होती, हे नोंदवावे. घासून धुणे, तेल लावणे, आम्ल टाकणे, अक्षरांत खडू भरणे हे प्रकार टाळावेत. व्हिनेगरची कसोटी नैसर्गिक खड्यापुरतीच, घडीव वस्तूला ती कधीही लावू नये. कामवारीसारख्या नदीत सांडपाण्याचा भरणा असल्याने उघड्या हातांनी गाळ उपसणे आरोग्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचे नाही, आणि पावसाळ्यात तर पात्रात उतरूच नये.

कायद्याची बाजूही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास तिचे स्वरूप, जागा आणि दिवस जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागतात. न कळवल्यास सापडणाऱ्याचा वाटा जातो आणि शिक्षाही होऊ शकते. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या मूर्ती, नाणी, कोरीव लेख इत्यादी पुरावस्तू ठरतात, त्यांचा व्यापार परवान्याखेरीज करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. महाजालावर 'प्राचीन' दगडांची जी विक्री चालते, तीत एक तर वस्तू बनावट असते किंवा व्यवहार बेकायदा. ओळख पटवण्यासाठी राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे मुंबई मंडळ आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज ही योग्य ठिकाणे होत. छायाचित्रे आणि जागेची नोंद सोबत असेल, तर तेथील अभ्यासकांचे काम सोपे होते.

याच खाडीच्या मुखाकडे वसई तालुक्यात जे घडले, त्यावरून एका फुटक्या दगडाची किंमत कळावी. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्याच्या परिसरात ब्राह्मी अक्षरे असलेला काळ्या पाषाणाचा एक भग्न तुकडा मिळाला. तो सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भाग निघाला. त्यानंतर ७४ वर्षांनी, १९५६ मध्ये, जवळच्याच भुईगाव येथे नवव्या शिलालेखाचा तुकडा हाती आला. अशोकाने असे चौदा लेख एकत्र कोरवले होते. सोपाऱ्याच्या मालिकेतील उरलेले लेख अद्याप मिळालेले नाहीत.